कलम नऊ

भूमी अभिलेख कार्यालय, मंठा.
छत गळतं ही तक्रार सहा वर्षं जुनी.
गट नंबर दोनशे बाराच्या नकाशावर
एक तपकिरी ओघळ उतरला होता,
आणि दोन चुलतभाऊ त्या ओघळालाच बांध समजून
कोर्टात तारखा घेत होते.

मे महिन्यात मंजुरी आली.
गौसोद्दीन मिस्त्रीनं उखडलेला कोबा खरवडला,
प्रत्येक भेगेत ब्रश घातला, फुंकर मारली,
कानात औषध सोडण्याआधी
आत बघून घ्यावं तसं.
अंगणात बाभळीच्या जाळावर पिंप चढलं.
डांबर आधी कुरकुरतं, मग त्याला घाम फुटतो,
मग एकदम गप्प होऊन चकाकतं.
तेव्हाच उचलायचं.
त्याआधी नाही, आणि नंतर तर नाहीच.

चांगुणा आणि तिचा दीर बादल्या वर न्यायचे,
हातांना खोबरेल, पायांना गोणपाट.
शिडीच्या प्रत्येक पायरीवर एकेक काळा थेंब.
फेल्टची गुंडाळी उलगडत गेली,
पदरावर पदर चार बोटं,
कठड्याच्या कडेनं गोलाई.
काटकोन नको, मिस्त्री म्हणाला,
"पानी कोने में बैठको सोचता साब."

मी हसलो.
अंदाजपत्रकात एवढं बारीक काही नव्हतं.

पण कलम नऊ होतं.
छतावर चार इंच पाणी अठ्ठेचाळीस तास तुंबवून ठेवणे,
खालून ओल नसल्याची खात्री करणे,
मगच देयक अदा करणे.

नळाला पाणी येऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.
टँकर वळताना दिसला तशी गल्ली धावली.
कळश्या, रंगाचे डबे, कूलरची टाकी,
एका बाईनं बाळाला काढून बाळाचा टबच आणला.
ड्रायव्हरनं पाइप वर फेकला.
दहा हजार लिटर
सगळ्यांच्या डोक्यावरून छतावर गेलं.

कुणी ओरडलं नाही. तेच जास्त लागलं.
फक्त समोरच्या रैसाबी ओट्यावरून म्हणाल्या,
"कागदांना तहान लागली का ओ साहेब?"

संध्याकाळी वर जाऊन आलो.
काळ्या तळाचं एक उथळ तळं,
त्यात होले उतरलेले, साळुंक्या,
कुठून कोण जाणे, एक बगळासुद्धा.
मग खाली अभिलेख कक्षात
बस्त्यांच्या मधोमध उभा राहून
टॉर्च छतावर फिरवत राहिलो.
कोरडं. कोपरे कोरडे.
दोनशे बारावर नवा थेंब नाही.

सकाळी पट्टी बुडवली. पाणी दीड इंच.

पोटात गोळा आला. पळत खाली गेलो,
भिंतींना तळहात लावत फिरलो,
चुना पांढरा, कोरडा, बोटांना लागणारा.
पुन्हा वर.
तेव्हा दिसलं: शिडीजवळच्या कठड्यावर
अजून मऊ असलेल्या डांबरात
कळशीच्या बुडाचे गोल ठसे.
सात-आठ, एकात एक अडकलेले.
आणि एक छोटं पाऊल,
अंगठ्यावर जोर देऊन उभं राहिलेलं.

मिस्त्री उकिडवा बसला,
एका गोलावरून अंगठा फिरवला.
गळती? मी विचारलं.
"नै साब."
मग पाणी?
त्यानं गल्लीकडे बघितलं.
दोरीदोरीवर धुणं वाळत होतं,
पांढऱ्या बनियनांवर बारीक काळे ठिपके.
"धूप भोत है साब. उड गया."
रात्रीत?
"रात में बी."

नोंदवहीत लिहिलं, ओल: निरंक.
पाण्यातील घट: बाष्पीभवन.
खाली सही, दिनांक.
इतकी वर्षं सह्या केल्या,
ही एकच वाचून केली.

मिस्त्री म्हणाला, दिवा फिरवून ठसे बुजवतो.
म्हटलं, राहू द्या, पदर शाबूत आहे ना?
आहे म्हणाला.

कलमाप्रमाणे अजून चोवीस तास बाकी होते.
दुपारी दुसरा टँकर मागवला, कमी पडलेलं भरायला.
निघताना चौकीदार नागोराव शिडी उचलत होते.
त्यांना सांगितलं,
आत घेऊ नका.